जेरेचं देणं

ऋण काढून सण करू नये, हे मुम्बीला कुणी शिकवायची गरज नव्हती. चिफुबूच्या बाजारात कापेंटा विकता विकता तिनं स्वतःच कितीजणींना हे शहाणपण ऐकवलं होतं. कापेंटा म्हणजे बोटाएवढी सुकी मासळी. पेल्यानं मापायची, वर चिमूटभर जास्त घालायची आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द फुकट द्यायचे, असा तिचा धंदा. पण लेकीच्या लग्नाआधीचा बायकांचा सोहळा आला आणि मुम्बीचं शहाणपण फक्त गिऱ्हाइकांपुरतं होतं, हे उघड झालं.

कटोंगो तिची एकुलती एक. नवरा तापानं गेला तेव्हा पोर शाळेत होती. तिला मुम्बीनं मासळीच्या जिवावर वाढवलं, शिकवलं, आणि सोल्वेझीचा एक शाळामास्तर तिला मागणी घालून गेला. आता नवरीला संसाराची भांडीकुंडी द्यायची, ढोल वाजवायचे, चार जाणत्या बायकांनी तिच्या कानात चार खऱ्या गोष्टी सांगायच्या, एवढंच काय ते करायचं. अंगणात सतरंज्या घालून झालं असतं. पण नणंद अॅग्नेस म्हणाली, "तुझ्या दारात नको बाई. पाहुण्यांच्या कपड्यांना मासळीचा वास लागेल. माझ्याकडे करू."

झालं. मुम्बीनं शाळेचा हॉल भाड्यानं घेतला. ढोलवाल्या बायका गाडी करून आणल्या. पातेल्यांचे संच, काचेच्या बशा, एक चकचकीत मिक्सर. अॅग्नेसला पहिल्या रांगेत बसवलं आणि तिच्या पानात कोंबडीचा मोठा तुकडा पडेल याची जातीनं काळजी घेतली. दिवसभर बायका नाचल्या. मुम्बीही नाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तेव्हा पाय दुखत होते आणि डोक्यावर जेरे सावकाराचं तीन हजार क्वाचांचं कर्ज होतं.

जेरे रेल्वेतून निवृत्त झालेला, वाळक्या शेंगेसारखा म्हातारा. बारा महिने अंगात रेल्वेचा करडा कोट आणि बुडाखाली करकरणारी सायकल. निवृत्तीचे पैसे तो व्याजानं फिरवायचा. इतरांना महिन्याला निम्मं व्याज. मुम्बीला मात्र पाव, कारण ती सोयरी.

ही सोयरीक लग्नाची नव्हती, थट्टेची होती. मुम्बी बेंबा जमातीची, जेरे न्गोनी जमातीचा. दोघांचे पणजे एकमेकांशी लढले होते, म्हणून पणतवंडांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि कुणी राग मानू नये, अशी रीत. रागावेल त्यानं दंड भरायचा. न्गोन्यांना उंदीरखाऊ म्हणायचं, बेंबांना माकडखाऊ, ही तर सुरुवात.

"पाव व्याज आणि फ्रिज गहाण," जेरे म्हणाला होता.

"फ्रिज? अरे, त्यात मी मुंकोयो थंड करून विकते!"

"म्हणूनच. ज्याच्यावाचून अडत नाही ते गहाण ठेवून काय उपयोग? तुझं नाक ठेवू का? तेही मासळीनं बाद झालंय."

मुंकोयो म्हणजे मक्याची पेज रानमुळीच्या रसानं गोड करून थोडी आंबवलेली. उन्हात गार मुंकोयो मिळाला की माणूस खिशात हात घालतोच. फ्रिज जेरेच्या हातगाडीवरून गेला आणि मुम्बीची वरकमाई त्याच्याबरोबर गेली.

त्यानंतर दर महिनाअखेरीला जेरेची सायकल बाजारात यायची. टोमॅटोचं एक रिकामं खोकं उलटं करून तो मुम्बीच्या मासळीसमोर बसायचा आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करायचा, "ए माकडखाऊ! माझे बैल कुठे आहेत? तुझ्या पणज्यानं चोरलेले?"

"खाल्ले! शिंगं उरलीत, बसतोस का त्यावर?"

"बैल नाहीत तर त्यांचं शेण तरी दे!"

बाजार हसायचा. मुम्बी हसत हसत फडक्यात बांधलेल्या नोटा त्याच्या हातात ठेवायची, आणि बघणाऱ्यांना वाटायचं, हाही खेळातलाच एक डाव. शेजारची टोमॅटोवाली फेलिस्ता सोडली तर ही खरी वसुली आहे हे कुणालाच कळत नव्हतं. मुम्बीला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, पण एक गोष्ट ती मनोमन मानायची: दुसरा सावकार असता तर दारात उभा राहून शिव्या देऊन गेला असता. यानं थट्टेच्या पदराआड तिची लाज झाकली होती.

मात्र लाज झाकली तरी कर्ज हलत नव्हतं. ती द्यायची ते सगळं व्याजात जिरायचं. मुद्दल आपलं बसल्या जागी होतं, लग्नघरातल्या फुगलेल्या पाहुण्यासारखं.

एका महिनाअखेरीला जेरे आलाच नाही. सकाळभर मुम्बीला बरं वाटलं. दुपारी चुकल्या-चुकल्यासारखं झालं. संध्याकाळी तिनं दोनदा मान उंचावून रस्त्याकडे पाहिलं. तेव्हा फेलिस्ता धापा टाकत आली. पाण्याला गेली होती, ती बातमी घेऊन परतली.

"गेला गं तो!"

"कोण?"

"तुझा न्गोनी! जेवला, आंब्याखाली खुर्ची टाकून बसला, बायको पाणी घेऊन आली तर मान कलंडलेली." फेलिस्तानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुम्बे, देव पावला तुला. म्हाताऱ्यानं कधी कागद केला नाही. 'कागद हरवतो, डोकं मानेवरच असतं,' म्हणायचा ना? आता ते डोकं चाललं मातीत. सुटलीस!"

मुम्बी मासळीवरच्या माश्या वारत राहिली. खोटं कशाला बोला, पहिल्या क्षणी तिच्या पोटातून आनंदाची उकळी आली. मग त्या उकळीचीच तिला शिसारी आली. मग पुन्हा आनंद झाला. असं दोन-तीनदा वरखाली झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "उद्या दुकान बघ माझं. मला सुतकाच्या घरी जायला हवं. सोयरी आहे मी."

थट्टेच्या सोयऱ्यांचं खरं काम सुतकातच असतं. घरचे रडतात, आणि सोयऱ्यांनी त्यांना रडता रडता हसवायचं. चूल सांभाळायची, भांडी घासायची, मेलेल्याची नक्कल करायची, त्याच्या खोड्या चव्हाट्यावर मांडायच्या, म्हणजे घरच्यांच्या छातीवरचा दगड जरा हलतो. मुम्बी गेली. अंगणात पुरुष शेकोटीभोवती बसले होते. आत बायका जमिनीवर, भिंतीला टेकून. मध्ये जेरेची बायको मालिता, डोक्यावरून कापड घेतलेली, रडून रडून आवाज बसलेली.

मुम्बीनं आधी मुकाट्यानं तीन घमेली भांडी घासली. मग खुंटीवरचा जेरेचा करडा कोट काढला, अंगात घातला, एक पाय ओढत, नसलेल्या सायकलचं हँडल धरून ती बायकांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"ए मालिता!" ती जेरेच्या नाकातल्या आवाजात ओरडली. "रडतेस काय? त्या रडण्याचं व्याज कोण देणार? महिन्याला निम्मं!"

कोपऱ्यातली एक म्हातारी फिसकली. दुसरी हसली. आणि मालितानं तोंडावरचं कापड बाजूला केलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हसू आणि रडू एकाच वेळी बाहेर पडून तिला ठसका लागला. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला.

शवपेटी निघायच्या वेळी मुम्बी दारात आडवी झाली. हीसुद्धा रीतच. सोयरे वाट अडवतात, आणि घरच्यांनी चार पैसे देऊन त्यांना उठवायचं.

"जाऊ देणार नाही!" ती ओरडली. "हा चालला, मग माझे पैसे घेणार कोण? तीन हजार देणं आहे मी याचं, मुद्दल! व्याज वेगळं! फ्रिज गहाण आहे माझा! ऐका रे सगळे! उंदीरखाऊ, ऊठ, तुझे पैसे घे आणि मग जा!"

अंगणभर हशा उसळला. पुरुष गुडघ्यावर थापा मारत होते. आडवी पडलेली मुम्बी मात्र वर आंब्याच्या पानांकडे बघत होती आणि तिच्या लक्षात आलं की इतके महिने तिनं जे फेलिस्ताखेरीज कुणापाशी उच्चारलं नव्हतं, ते ती भर अंगणात गळा फाडून सांगते आहे. कुणाचा विश्वास बसत नव्हता ही गोष्ट वेगळी. छाती मात्र हलकी झाली होती. जेरेच्या पुतण्यानं डोळे पुसत तिच्या हातात एक नोट कोंबली. "ऊठ आत्या, ऊठ. ऊन होतंय."

"न्गोन्यांकडून मिळालेले पहिले बिनव्याजी पैसे," असं म्हणत ती उठली आणि वाट मोकळी झाली.

आठवडे गेले. महिनाअखेर आली. टोमॅटोचं खोकं रिकामंच राहिलं. मुम्बीच्या फडक्यात नेहमीचे पैसे बांधलेले होते आणि ते खर्च करायला तिचा हात धजत नव्हता. पीठ घ्यायला गेली, कमी घेऊन आली. चप्पल घ्यायला गेली, नुसती बघून आली. फेलिस्ता म्हणाली, "मेलेल्याला पैसे लागत नाहीत."

"त्याच्या बायकोला लागतात की."

"तिला माहीत तरी आहे का?"

"मी सांगितलं ना. सगळ्यांसमोर."

"अगं, ती थट्टा होती!"

"नव्हती," मुम्बी म्हणाली, आणि रविवारी प्रार्थना झाल्यावर सरळ जेरेच्या घरी गेली.

मालिता अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मुम्बीला पाहून तिचा चेहरा उजळला. "ये ये, माकडखाऊ. तुझी आठवण काढून परवा एकटीच हसत होते. शेजारच्या पोरांना वाटलं म्हातारीला वेड लागलं."

मुम्बीनं चटईवर बसून फडकं सोडलं आणि नोटा पुढे ठेवल्या. "वहिनी, हे या महिन्याचं."

"आता पुरे गं. हसून हसून पोट दुखायला लागलं त्या दिवशी."

"वहिनी, मी थट्टा करत नाहीये. खरंच देणं आहे. आत जो फ्रिज आहे ना, दारावर कोपऱ्यात चेचलेला, तो माझा."

मालिताच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती मुम्बीकडे बघत राहिली, थट्टेची रेघ कुठे सापडते का ते शोधत. सापडली नाही. "तो म्हणाला होता, एका मूर्ख बेंबानं स्वस्तात विकला."

"मूर्ख बेंबा मीच. पण विकला नाही."

"बघ म्हाताऱ्याला!" मालिता आंब्याकडे बघून म्हणाली, जणू तो अजून खुर्चीत बसला होता. "चाळीस वर्षं एका अंथरुणात झोपला आणि एका शब्दानं सांगितलं नाही." मग तिचा आवाज उतरला. "पेन्शन त्याच्याबरोबर बंद झाली. पैसे सगळे बाहेर. कुणाकडे, किती, देवाला ठाऊक. सुतक संपल्यावर माणसं आली ती कोण? दोघं जण. दोघंही सांगत, जेरेच आमचं देणं लागतो! देते म्हणून आलेली तू पहिली."

मुम्बीनं घसा खाकरला. तिच्यातली बाजारवाली जागी झाली होती. "वहिनी, मुद्दल देईन. पण व्याज ज्यानं लावलं त्याच्याबरोबर गेलं. मातीत गेलेलं काही उकरून काढू नये."

"वा गं शहाणे! न्गोनी माणूस बैल सोडेल, वासरू सोडेल?"

"वासरं तो जिवंतपणीच घेऊन गेला. गेल्या कापणीपासून व्याजच भरतेय. मुद्दलाहून जास्त झालं असेल."

"मग अर्धं तरी धर."

"अर्धं धरलं तर मुद्दलातून तेवढं कापा."

"अरे देवा, ही सोयरी आहे की वकील!" मालितानं कपाळाला हात लावला, पण तिच्या डोळ्यांत पुष्कळ दिवसांनी चमक आली होती. शेंगा सोलत सोलत ओढाताण झाली, एकमेकींच्या पणज्यांचा उद्धार झाला, आणि शेवटी दोन हजारांवर ठरलं. बिनव्याजी. जसे जमतील तसे, पण दर महिन्याला काहीतरी.

"आणि फ्रिज घेऊन जा तुझा," मालिता म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मला झोप यायची नाही."

मुम्बी विचारात पडली. तिच्या खोलीची वीज घरमालकाच्या मीटरवर होती आणि तो मनात आलं की तार काढायचा. मालिताचं घर दवाखान्याच्या लाइनीवर, तिथे वीज त्यामानानं टिकायची. शिवाय दवाखान्याच्या दारात दिवसभर ताटकळणारी माणसं, आणि घोटभर गार काही मिळेल असं दुकान जवळपास नाही.

"फ्रिज इथेच राहू दे," ती म्हणाली. "मुंकोयो मी करून आणते. विकायला तुम्ही बसा. निम्मं तुमचं, निम्मं माझं. माझ्या निम्म्यातलं तुम्हीच कापून घ्या."

"मी? बेंबांचं पेय विकू? माझ्या बापानं थडग्यात कूस बदलली असती!"

"आधी चाखा, मग बापाचं नाव घ्या."

दोन दिवसांनी मुम्बी डबा घेऊन आली. मालितानं चाखला. मान हलवली, तोंड वाकडं केलं, आणि पेला पुन्हा पुढे केला.

अशी दोघींची गाडी चालू झाली. पहाटे मुम्बी शेगडीवर मक्याची पेज शिजवायची, मुळी ठेचून घालायची, झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी डोक्यावर डबा घेऊन मालिताकडे, तिथून बाजारात. मिनीबस तिनं सोडून दिली, चालत जायची. चालताना ओळखीची माणसं भेटायची, कुणी दोन आंबे द्यायचं, कुणी बातमी. जेवणात न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि भोपळ्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट लावून. कोंबडी बंद, साखर बंद. खोलीत सोफा नव्हता, फ्रिज नव्हता, चटईवर बसायचं आणि चटईवरच लवंडायचं. गंमत अशी की पूर्वी त्या खोलीत सोहळ्याचं सामान भरलं होतं तेव्हा तिला झोप लागत नसे. आता डोकं टेकलं की सकाळ.

एक महिना वाईट गेला. वीज सलग दिवसच्या दिवस गायब. सगळा मुंकोयो आंबून आंबून दारू व्हायच्या बेतात आला, तो चर्चच्या बायकांना फुकट वाटावा लागला. त्या प्यायल्या आणि त्या रविवारी भजनं जरा जास्तच रंगली, असं फेलिस्ता सांगत होती. पण मुम्बीच्या हाती काही उरलं नाही. महिनाअखेरीला ती मान खाली घालून कापेंटा निवडत बसली होती, तोच समोर कुणीतरी खोकं उलटं केलं. पाहते तर मालिता. नवऱ्याचा करडा कोट घालून आलेली.

"ए माकडखाऊ!" ती अशी ओरडली की कोबीवाला दचकला. "माझे बैल कुठे आहेत?"

अख्खा बाजार आ वासून बघू लागला. मुम्बीला हसावं की रडावं कळेना. "वहिनी, या महिन्याला बैल आटले."

"बैल आटतात होय? गाय आटते! एवढंही कळत नाही, म्हणून तर माकडं खाता!" लोक हसून लोटपोट झाले. त्या गोंधळात मालिता पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्याला दे. मी नुसती आले होते. घर खायला उठतं गं." मग ती दुपारपर्यंत तिथेच बसली आणि मुम्बीची मासळी ओरडून ओरडून विकली. न्गोनी बाई बेंबाची मासळी विकतेय हे बघायला गर्दी झाली, आणि गर्दीनं मासळीही घेतली.

मग एक दिवस अॅग्नेस आली. तिच्या धाकटीचं ठरलं होतं. बायकांच्या सोहळ्याची समिती केली होती, प्रत्येकीनं किती द्यायचं हा आकडाही ठरला होता. तो अॅग्नेसनं चटईवर न बसता, उभ्याउभ्याच सांगितला.

"एवढे नाहीत माझ्याकडे," मुम्बी म्हणाली. "देणं फेडतेय मी. कटोंगोच्या सोहळ्याचं."

अॅग्नेस चपापली. कर्ज काढून सोहळे सगळेच करतात, पण असं तोंडानं कुणी बोलत नाही. "मग लोकांना काय सांगू?"

"सांग, मुम्बी पोतंभर भांडी घासायला येईल आणि स्वयंपाकाला कापेंटा आणेल. वास येईल, पण पोट भरेल."

जाताना दारात थबकून, पाठमोरीच अॅग्नेस म्हणाली, "कुणाकडून काढलं होतंस? म्हणजे... व्याज कसं लावतात?"

मुम्बी उठून तिच्याजवळ गेली. "बस जरा," ती म्हणाली. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नणंद तिच्या चटईवर बसली. दोघींनी मिळून हॉल काढून टाकला, गाडी काढून टाकली, आणि अॅग्नेसच्या अंगणात किती सतरंज्या मावतील याचा हिशेब केला.

सगळ्यात अवघड गेलं ते लेकीला नाही म्हणणं. कटोंगोला मुलगी झाली. फोनवर बाळाचं रडणं ऐकवून झालं आणि मग ती म्हणाली, "आई, सासूबाई येणार आहेत. घरात एक धड खुर्ची नाही. थोडे पाठवशील?"

पूर्वीची मुम्बी त्याच दिवशी कुणाच्यातरी दारात उभी राहिली असती. तिनं डोळे मिटले. "नाही गं बाळा. नाहीत."

पलीकडून जरा फणकाऱ्यानं, "सोहळ्याला होते तेव्हा."

"तेव्हाही नव्हते. उसने होते. अजून फेडतेय."

कटोंगो हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तो मिक्सर आम्ही विकला. दुसऱ्याच महिन्यात. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"कितीला?"

"निम्म्यालासुद्धा नाही."

मुम्बीला हसू फुटलं, ते आवरेना. तिकडे लेकही हसायला लागली, तिकडे बाळ दचकून रडायला लागलं. पैसे संपून फोन कटेपर्यंत तिघींचं तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मुम्बीनं सोल्वेझीच्या बसमधून एक पिशवी पाठवली: कापेंटा, शेंगदाणे, मुंकोयोची मुळी, आणि निरोप की सासूला चटईवर बसव, माणूस चटईवरून पडत नाही.

बाजारातल्या बायकांच्या भिशीचा तिचा नंबर पुढल्या पावसाळ्याच्या तोंडावर लागला. नंबर लागला की काय काय घ्यायचं याची पूर्वी तिच्या मनात यादी असायची. या वेळी तिनं रक्कम मोजली नाही, तशीच छातीशी धरून मालिताकडे नेली. मालितानं राहिलेलं देणं कापून घेतलं आणि उरलेली रक्कम परत दिली.

"झालं?" मुम्बीनं विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"मग काय, ढोलवाल्या बोलवू? त्यांना गाडी करून आणायला पुन्हा कर्ज काढावं लागेल!" मालिता म्हणाली. पण तिनं चूल पेटवली, कोंबडी कापली, आणि संध्याकाळपर्यंत दोघी जेवत, बोलत बसल्या. जेरेबद्दल बोलल्या, मुम्बीच्या नवऱ्याबद्दल बोलल्या. मालिता म्हणाली, "फिटलं म्हणून येणं बंद करू नकोस हं." मुम्बी म्हणाली, "फ्रिज माझा आहे, येईन नाही तर काय?" दुसऱ्या सकाळी डबा डोक्यावर घेऊन ती नेहमीसारखीच आली.

पुढची महिनाअखेर आली तेव्हा फडक्यातले पैसे फडक्यातच राहिले. कुणाला द्यायचे नव्हते. मुम्बीनं ते दोन दिवस उशाखाली ठेवले, मग सोल्वेझीच्या बसचं तिकीट काढलं. जाण्याचं आणि परतीचंही, रोखीनं. खिडकीजवळ बसली. चिंगोला गाव मागे पडलं, रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती, मधाच्या बाटल्या, मशरूमचे ढीग घेऊन बसलेली माणसं मागे पडली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडे?" "नातीकडे," मुम्बी म्हणाली, आणि ते सांगायला तिला इतकं बरं वाटलं की थोड्या वेळानं तिनं न विचारताच पुन्हा सांगितलं.

घर दोन खोल्यांचं, समोर पपईचं झाड. जावईमास्तरानं सासूला पाहिलं आणि रीतीप्रमाणे नजर वळवून, चेहरा लपवून, एक स्टूल झाडाखाली ठेवून तो असा पळाला की त्याची एक चप्पल मागेच राहिली. "मास्तर, चप्पल!" मुम्बी पपईकडे बघत ओरडली, कारण तिनंही त्याच्याकडे बघायचं नसतं. कटोंगो दारात उभी राहून खो खो हसत होती, काखेत गुबगुबीत पोर.

मुम्बीनं नातीला मांडीवर घेतलं. पोरीनं आधी आजीचं नाक धरलं, मग कान, मग गळ्यातला मणी तोंडात घातला. कटोंगोनं न्शिमा वाढला, वर मुम्बीनंच पाठवलेली कापेंटा, टोमॅटो घालून परतलेली. जेवण झालं. ऊन पपईच्या पानांतून खाली सांडत होतं. स्टूल बाजूला सारून मुम्बी चटईवर आडवी झाली, पोर तिच्या पोटावर, आणि भर दुपारी, आता कुठल्याही सावकाराच्या सायकलची चाहूल घ्यायची नव्हती म्हणून, दोघीही गाढ झोपून गेल्या.